पंपिंग किती टक्के?

आजारी माणसाची विचारपूस करण्याची रीत काळाबरोबर बदलते. एके काळी पाहुणे ‘ताप उतरला का?’ असे विचारीत. पुढे ‘बीपी किती, शुगर किती’ सुरू झाले. आता बायपास किंवा अँजिओप्लास्टी झालेल्याला भेटायला गेलेला माणूस खुर्चीवर टेकता टेकता विचारतो, ‘मग, पंपिंग किती टक्के म्हणाले?’ आणि रुग्णाची बायको, जावई, शेजारी, जो जवळ असेल तो तत्परतेने उत्तर देतो. पंचेचाळीस. किंवा आवाज खाली आणून, तीस.

हा आकडा आपल्या घराघरांत किती सहज येऊन बसला आहे, याचे मला हृदयरोगतज्ज्ञ म्हणून कौतुकही वाटते आणि धास्तीही. कौतुक अशासाठी, की ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ या जडजंबाळ शब्दाला लोकांनी ‘पंपिंग’ असा सुटसुटीत पर्याय शोधला. धास्ती अशासाठी, की या आकड्याकडे आपण दहावीच्या गुणपत्रिकेसारखे पाहतो. पस्तीसला पास, साठला पहिला वर्ग हे कोष्टक आपल्या डोक्यात कायमचे कोरलेले. त्यामुळे साठ टक्के पंपिंग असलेला धडधाकट माणूसही ‘उरलेले चाळीस टक्के कुठे गेले?’ म्हणून माझ्यासमोर चिंतातूर होऊन बसतो. कुठेही गेलेले नसतात. निरोगी हृदयही आपल्या डाव्या निलयातले सगळे रक्त एका ठोक्यात बाहेर टाकत नाही. साधारण पन्नाशीच्या थोडे वरपासून सत्तरीच्या आसपासपर्यंतचे टक्के हे तब्येत ठणठणीत असल्याचेच लक्षण आहे.

हिशेब मुळात सोपा आहे. निलय पूर्ण भरलेला असताना त्यात समजा १२० मिलिलिटर रक्त आहे. आकुंचन पावल्यावर ५० मिलिलिटर उरले. म्हणजे ७० बाहेर पडले. सत्तर भागिले एकशेवीस, साधारण ५८ टक्के. पाचवीतल्या मुलाला जमेल असे गणित. अडचण गणितात नाही; ते १२० आणि ते ५० मोजायचे कसे, यात आहे. पातेल्यात ओतून बघता येत नाही. बरगड्यांच्या आत, फुफ्फुसांच्या आडोशाला, मिनिटाला सत्तर-पंचाहत्तर वेळा आकुंचन पावणारी, पिळत पिळत लहान होणारी ही पिशवी, आणि तिचे आकारमान आपल्याला बाहेरून सांगायचे आहे.

ही ओढ जुनी आहे. लिओनार्दो दा विंचीने बैलाच्या हृदयात वितळलेले मेण ओतून आतल्या पोकळीचा साचा काढला होता. १६२८ साली विल्यम हार्वेने रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला, तेव्हा त्याचा एक मोठा आधार कप्प्याचे आकारमान हाच होता. मृत माणसाच्या डाव्या निलयात दोन औंसांहून अधिक रक्त त्याने पाहिले होते. त्यातले थोडेसेच जरी दर ठोक्याला बाहेर पडते असे धरले, तरी अर्ध्या तासात इतके रक्त जाईल की तेवढे सबंध शरीरातही नसते. तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद. पुढे १७३३ साली स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या हृदयात मेण भरून निलयाचे माप घेतल्याचे लिहून ठेवले. हे सगळे मेलेल्या हृदयांचे. जिवंत, धडधडत्या हृदयाचे माप घ्यायला मग दोनशेहून अधिक वर्षे थांबावे लागले.

१९५३ साली स्वीडनमधल्या लुंड येथे इंगे एडलर हा डॉक्टर आणि हेल्मुट हेर्ट्झ हा पदार्थवैज्ञानिक यांनी जवळच्या माल्मो शहरातल्या जहाज कारखान्यातून एक यंत्र उसने आणले. धातूच्या आतल्या भेगा श्राव्यातीत ध्वनीने शोधणारे ते यंत्र त्यांनी माणसाच्या छातीला लावले. आज गल्लोगल्ली ज्या ‘टू-डी इको’च्या पाट्या दिसतात, त्यांचे मूळ हे. जहाजाच्या पत्र्याचे यंत्र माणसाच्या काळजाला लागले, ही मला वैद्यकाच्या इतिहासातली फार गोड गोष्ट वाटते. असो.

सुरुवातीच्या यंत्रांना फक्त एका रेषेत दिसे. बंद खोलीच्या दाराला बारीक भोक पाडून समोरच्या भिंतीपर्यंतचे अंतर मोजावे, तसे. त्या एका अंतरावरून सबंध निलयाचे घनफळ काढायचे, तर अंतराचा घन करायचा. आणि घन ही फार दगाबाज गोष्ट आहे. पाच सेंटिमीटरचा घन १२५. मोजताना तीनच मिलिमीटर जास्त धरले गेले, ५.३ झाले, की घन जवळजवळ १४९. म्हणजे मापात सहा टक्क्यांची चूक, उत्तरात एकोणीस टक्क्यांची. शिवाय हृदय सगळीकडे सारखेच आकुंचन पावते, हे गृहीत. ज्याला झटका येऊन गेला आहे, त्याच्या हृदयाचा एक भाग नेमका निपचित पडलेला असतो. पण सूत्राला ते कसे कळावे? १९७६ साली टाइकहोल्झने या सूत्राला थोडे शहाणे केले. ते आजही यंत्रांच्या पोटात आहे, आणि अनेक रिपोर्टांतला ‘ईएफ’ त्याच सूत्रातून निघालेला असतो.

मग दोन मितींतले चित्र आले. आता निलय खराखुरा हलताना दिसू लागला. त्याची कड रेखायची, पावाच्या लादीसारखे त्याचे वीस काप कल्पायचे आणि सगळ्या चकत्यांचे घनफळ बेरजेने काढायचे. या रीतीला अठराव्या शतकातल्या थॉमस सिम्प्सन या गणितज्ञाचे नाव आहे. एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन चित्रांवरून हे केले की बरेच बरे उत्तर येते. पण यातही मेख आहे. निलयाचे टोक छातीच्या डाव्या बाजूला, खाली असते. यंत्राचा प्रोब त्या टोकावर अचूक ठेवला नाही, एखादी बरगडी वर सरकला, तर चित्रात निलय लांबीला कापला जातो. आंबा तिरका कापल्यावर कोय जशी भलतीच दिसते, तसा. हृदय आखूड आणि गोल दिसते, घनफळ कमी येते. आणि झटक्याने निकामी झालेले टोक चित्रात आलेच नाही, तर टक्केवारी गोंडस येते. चित्र मात्र दिसायला सुरेखच असते. बघणाऱ्याला वाटते, काय छान दिसतेय.

आता जे सांगतो ते माझ्या व्यवसायबंधूंना कदाचित रुचणार नाही. आपल्याकडच्या कितीतरी रिपोर्टांतला आकडा या कोणत्याच रीतीने काढलेला नसतो. तो नजरेने ठरवलेला असतो. डॉक्टर पडद्याकडे बघतो, हृदयाची हालचाल निरखतो आणि म्हणतो, ‘पन्नास लिही.’ अनुभवी नजर ही थोर गोष्ट आहे. तिची मी थट्टा करणार नाही. आठवडी बाजारात म्हैस नुसती बघून दुधाचा अंदाज सांगणारे जाणते असतात, तसेच हे. पण अंदाजाला अंदाज म्हणावे. तो ‘इजेक्शन फ्रॅक्शन ५० टक्के’ असा टंकलिखित होऊन, सहीशिक्क्यानिशी बाहेर पडला, की त्याचे माप होते. आणि मग त्या मापावर माणसांच्या आयुष्याचे निर्णय होतात.

कोणते निर्णय? नमुन्यादाखल दोन सांगतो. हृदय अशक्त झालेल्या माणसाला अचानक मृत्यूपासून वाचवण्यासाठी छातीत एक विजेचा धक्का देणारे यंत्र बसवतात, किंमत लाखांत. ते कोणाला बसवायचे याची मुख्य रेषा २००२ ते २००५ दरम्यानच्या मोठ्या चाचण्यांतून ठरली: औषधे पुरेशी देऊनही टक्केवारी ३५ किंवा त्याखाली असेल तर. म्हणजे ३४ आणि ३८ यांच्यामध्ये एका शेतकऱ्याची दीड एकर जमीन उभी असते. दुसरा निर्णय गळणाऱ्या मायट्रल झडपेचा. तिथे रक्त पुढे जाण्याऐवजी सोप्या वाटेने मागे गळते, म्हणून टक्केवारी मुळातच फुगलेली असते. साठपर्यंत खाली आली, की तीच शस्त्रक्रियेची घंटा. पहिल्या वर्गाचे साठ टक्के तिथे धोक्याचे असतात. कोणत्याही पाहुण्याने हे विचारात घेतलेले मला आढळले नाही.

तिसरा प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण त्यानेच मला हा लेख लिहायला लावले.

आमच्या जिल्ह्यातल्या एका गावच्या प्राथमिक शाळेतल्या बाई. स्तनाचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली, पुढे ट्रास्टुझुमॅब हे औषध वर्षभर घ्यायचे होते. औषध गुणाचे, पण काहींच्या हृदयाला ते दुबळे करते. म्हणून दर तीन महिन्यांनी इको. सुरुवातीचा रिपोर्ट मोठ्या शहरातला: ६३ टक्के. तीन महिन्यांनी जवळच्या तालुक्याच्या गावी काढलेला: ५२. अकरा टक्क्यांची घसरण. दहाहून अधिक घसरण आणि उत्तर ५३ च्या खाली, ही औषधाने हृदयाला इजा केल्याची २०१४ पासून रूढ झालेली एक व्याख्या आहे. औषध थांबवायचे का, हे विचारायला बाई दोन्ही रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आल्या. चालताना धाप नाही, पायाला सूज नाही. मी रिपोर्ट बघत होतो, तर बाईच म्हणाल्या, “डॉक्टर, आम्ही शाळेत मुलांची वजनं घेतो. एका वर्षी एका काट्यावर, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या काट्यावर. वजन कमी भरलं तर मुलगा बारीक झाला म्हणायचं, की काटा वेगळा म्हणायचं?”

एम.डी.च्या परीक्षेत कोणी असा प्रश्न विचारला असता, तर मी त्याला उठून नमस्कार केला असता.

मी दोन्ही ठिकाणच्या हलत्या चित्रांची सीडी मागितली. एकाही ठिकाणी ठेवलेली नव्हती. हाती होते दोन कागद, त्यांवर दोन आकडे, आणि ते कोणत्या रीतीने काढले याचा कुठेही उल्लेख नाही. मग मी त्यांचा इको स्वतः काढला. दोन मितींच्या चकत्यांच्या रीतीने ५७ आले, त्रिमितीने ५९. बाईंच्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलून औषध चालू ठेवले, आणि तेव्हापासून प्रत्येक वेळी तेच यंत्र, तीच त्रिमितीची रीत. पुढचे आकडे ५८, ६०, ५८. औषधाचे वर्ष पुरे झाले. पहिले ६३ खरे होते की नाही, हे आता कधीच कळणार नाही.

त्रिमितीने असे काय साधते, ते आता सांगायला हवे. दोन मितींत आपण निलयाचे एक-दोन काप बघतो आणि उरलेला आकार कल्पनेने भरतो. त्रिमितीत कल्पना करायचीच नसते. प्रोबमध्ये दोन-तीन हजार सूक्ष्म स्फटिक चौकटीत मांडलेले असतात, पाटावर मांडलेल्या सोंगट्यांसारखे. त्यांतून ध्वनीचा झोत डावी-उजवीकडे आणि वर-खाली असा दोन्ही दिशांना वळवता येतो आणि हृदयाचा सबंध पिरॅमिडच्या आकाराचा ठोकळा टिपला जातो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ओलाफ फॉन राम आणि स्टीफन स्मिथ यांनी १९९० च्या सुमारास हे करून दाखवले. २००२ पासून रोजच्या वापराजोगी यंत्रे बाजारात आली. ठोकळा एकदा हाती आला, की निलयाचे टोक नंतर शोधता येते, तिरका काप सरळ करता येतो, सगळ्या भिंतींवरून कड रेखून आतले घनफळ थेट मोजता येते. घन करणे नाही, आकार गृहीत धरणे नाही. हल्ली कड रेखण्याचे काम संगणकच काही सेकंदांत करतो. डॉक्टरने तपासून दुरुस्त करायचे.

यात जादू नाही, आणि मर्यादा आहेत. सर्वांत मोठी मर्यादा खुद्द ध्वनीची. शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर जातो. पंधरा सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला त्याला साधारण एक पंचहजारांश सेकंद लागतो. म्हणजे सेकंदाला पाचेक हजार रेषा, त्याहून जास्त नाहीत; पैसे कितीही मोजा. सपाट चित्राला शंभर रेषा पुरतात, म्हणून सेकंदाला पन्नास चित्रे मिळतात. ठोकळ्याला साठ गुणिले साठ, म्हणजे छत्तीसशे रेषा हव्यात. मग सेकंदाला दीड ठोकळाही निघत नाही, आणि तेवढ्यात हृदय ठोका देऊन मोकळे! यावर तोड म्हणून एका झोताचे अनेक प्रतिध्वनी एकदम ऐकतात, किंवा चार ठोक्यांत चार फाका टिपून त्या जोडतात. त्यासाठी रुग्णाने श्वास रोखायचा आणि ठोके नियमित हवेत. ज्याची नाडीच अनियमित, त्याच्या फाका जुळत नाहीत. गोधडीच्या टाक्यांसारखी रेष दिसते. ठोकळे कमी वेगाने मिळाले, तर पूर्ण आकुंचनाचा नेमका क्षण निसटतो, शिल्लक रक्त जास्त दिसते आणि टक्केवारी खरी असते त्याहून कमी येते. फुफ्फुसाच्या आजाराने किंवा स्थूलपणाने ज्याचे साधे चित्रच धूसर, त्याचे त्रिमितीचे चित्र अधिकच धूसर. शिवाय एमआरआयच्या तुलनेत त्रिमितीचा इको निलयाचे आकारमान थोडे कमीच दाखवतो, कारण आतल्या भिंतीवरच्या मांसल जाळीत कड नेमकी कुठे धरायची, हे ध्वनीला नीट दिसत नाही. टक्केवारी मात्र पुष्कळच जुळते.

तरीही माझे मत त्रिमितीच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण चित्राचा देखणेपणा नाही. कारण आहे पुनरावृत्ती. केमोथेरपी घेणाऱ्या स्त्रियांच्या हृदयाची वर्षभर पुन्हापुन्हा मापे घेऊन वेगवेगळ्या रीतींची तुलना करणारा एक अभ्यास २०१३ साली अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिओलॉजीच्या नियतकालिकात आला. हृदयात फरक नसतानाही दोन मितींचा आकडा दहा किंवा त्याहून अधिक टक्क्यांनी मागेपुढे होत होता. त्रिमितीचा सहाच्या आसपास. दहा टक्क्यांची घसरण शोधायची आणि काटाच दहाने हलणारा! म्हणूनच अमेरिकन आणि युरोपीय इको-तज्ज्ञांच्या संयुक्त समितीने २०१५ साली, जिथे सोय आणि अनुभव आहे तिथे, डाव्या निलयासाठी त्रिमितीची शिफारस केली. उजव्या निलयाचे तर विचारूच नका. तो चंद्रकोरीसारखा डाव्याला बिलगलेला असतो. त्याला कुठलेच सपाट सूत्र लागू पडत नाही. त्याचे घनफळ इकोने काढायचे, तर त्रिमितीला पर्याय नाही.

‘हे सगळे आमच्या खेड्यापाड्यात कुठून आणणार?’ हा आक्षेप मी नेहमी ऐकतो आणि तो अर्धाच खरा आहे. खेड्यात नाही, हे खरे. पण जिल्ह्याच्या आणि मोठ्या शहरांच्या खासगी रुग्णालयांतल्या अनेक महागड्या यंत्रांत ही सोय आजही असते, आणि ती वापरली जात नाही. त्रिमितीचा प्रोब पेटीत पडून राहतो. कारण त्याला आठ-दहा मिनिटे जास्त लागतात, बाहेर बाकावर तीस माणसे बसलेली असतात, आणि नीट मोजल्याबद्दल कोणी पै जास्त देत नाही. चित्र काढल्याचे पैसे मिळतात; मोजल्याचे मिळत नाहीत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी इको डॉक्टर स्वतःच काढतात, त्यामुळे वेळेची ही ओढाताण थेट आकड्यावर येऊन आदळते.

आणखी एक गंमत. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला. ध्वनीला हृदय आणि गर्भ यांतला फरक कळत नाही, म्हणून आम्हा हृदयवाल्यांची यंत्रेही त्या कायद्याखाली नोंदवावी लागतात. या कायद्याचा मी पुरस्कर्ता आहे. मुलींची जी कत्तल आपण केली तिच्यापुढे आमच्या रजिस्टरांचा त्रास काहीच नाही. पण विरोधाभास बघा. यंत्र कोणत्या खोलीत आहे, हे सरकारला पक्के ठाऊक असते. भाजीवालीच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. तो नसला तर तिला दंड होतो. आणि ज्या आकड्यावर छातीत लाखाचे यंत्र बसते किंवा कर्करोगाचे औषध थांबते, तो आकडा कोणत्या काट्यावर तोलला, हे कागदावर लिहिण्याचीसुद्धा सक्ती नाही.

माझी मागणी म्हणूनच खर्चिक नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना त्रिमितीची यंत्रे द्यावीत, हे तर आहेच. पण त्याआधी प्रत्येक इको रिपोर्टात टक्केवारीशेजारी एक ओळ असावी: नजरेने, एका रेषेच्या सूत्राने, चकत्यांच्या रीतीने की त्रिमितीने. दोन्ही घनफळे मिलिलिटरमध्ये लिहावीत, नुसती टक्केवारी नको. कारण हृदय फुगते आहे की नाही हे टक्क्यांवरून कळत नाही. चित्र धूसर होते, तर तसे म्हणावे. आणि हलती चित्रे रुग्णाला सोबत द्यावीत, सीडीत किंवा पेन-ड्राइव्हमध्ये, जशी लग्नाची देतात.

रुग्णांनीही दोन गोष्टी कराव्यात. ज्यांना वारंवार इको काढावा लागतो, त्यांनी शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच यंत्रावर काढावा आणि जुना रिपोर्ट आधी दाखवू नये. आकडा ऐकला की नजरही तिकडे झुकते, हा मनुष्यस्वभाव आहे. आणि नवा आकडा पाच-सहा टक्क्यांनी वर-खाली झाला म्हणून पेढेही वाटू नयेत आणि अंथरूणही धरू नये. डॉक्टरांना विचारावे, ‘हे कसे मोजले?’ काही जण चिडतील. आमच्यापैकी ज्यांनी खरेच मोजले असेल, ते खुर्ची पडद्याकडे वळवून तुम्हाला दाखवतील.